कबुतरं चहा पीत नाहीत

नहर-सिद्र
११ ऑक्टोबर १९८६

प्रिय बहीजामावशी,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आणि रागावलीसच तर तिथे बगदादमध्ये रागाव, मला इथे ऐकू येणार नाही. गुडघे कसे आहेत? त्या गुडघ्यांनी तुझी शाळा वेळेआधी सोडवली, याचं मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. कारण आता इथे मला सगळं एकटीने शोधून काढावं लागतंय.

गाव बरं आहे. नदी, खजुरीची झाडं, डास. रेडिओवर युद्धाच्या बातम्या, आणि दर चार घरांआड एका दारावर काळं फडकं. दुसरीचा वर्ग मला दिलाय. एकतीस मुलं.

पुस्तकात लिहिलंय, 'खालील चित्रांचे निरीक्षण करून तुलना करा.' चित्रात एक गाय आणि एक म्हैस. मावशी, या मुलांना म्हशीबद्दल जे ठाऊक आहे ते पुस्तक लिहिणाऱ्याला सात जन्मांत कळणार नाही. पण एकही हात वर होईना. शेवटी एकाने विचारलं, "सित्त, निरीक्षण हे खायचं असतं का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उत्तर यांच्या खिशात आहे, पण प्रश्नच कळत नाही. घरी हे शब्द कोणी बोलत नाही. आई 'बघ गं' म्हणते, 'निरीक्षण कर' म्हणत नाही. उद्या परीक्षेत ही हुशार पोरं केवळ या चार-सहा परक्या शब्दांपायी नापास होतील.

म्हणून मी वर्गात एक दोरी बांधली आहे, कपडे वाळत घालतात तशी. दर आठवड्याला चिमट्याने एक शब्द लावायचा. गुरुवारी मुलांनी तो शब्द घरी न्यायचा आणि शनिवारी घरातलं काहीतरी त्या शब्दात घालून परत आणायचं. 'तुलना' घरी गेली आणि परत आली ती अशी: "आजीला दोन दात आहेत, बाळाला चार. बाळ जिंकलं."

सगळ्यांत पुढे बसते शुरूक. सात वर्षांची, एक वेणी कायम सुटलेली. तिचा बाप मिजबान वसंतात आघाडीवर बेपत्ता झाला. घरी आई तुर्किया आणि आजी, बस्स. ही पोरगी शब्द ऐकत नाही, गिळते. मला वाटतं, मी हिच्यासाठीच इथे आले आहे.

तुझी
विदाद

*

बगदाद
२१ ऑक्टोबर १९८६

विदाद पोरी,

पत्र मिळालं. गुडघे आहेत तिथेच आहेत.

दोरीची कल्पना चांगली आहे. मला सुचली नाही म्हणून जरा जळलेसुद्धा. पण तीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईचं एक ऐक. शब्द घरी पाठवतेस ते ठीक. घरून काय परत येतंय ते आधी तू एकटीने वाच, दोनदा वाच, मगच दोरीला लाव. आजीचे दात ठीक आहेत. सगळं घर म्हणजे आजीचे दात नव्हेत.

दुसरं. हे पत्र तुला हातिम ड्रायव्हरने आणून दिलं असेल. तो दर मंगळवारी आणि शनिवारी तुमच्याकडे येतो, दुसऱ्या दिवशी परततो. भला माणूस आहे, फक्त गातो फार. यापुढे पत्र त्याच्याच हाती दे, पोस्टात टाकू नकोस. का ते विचारू नकोस. तुला लहानपणी 'का' विचारायची खोड मीच लावली, आता मलाच नडते आहे.

स्वेटर पाठवते आहे. रंग आवडला नाही तरी घाल.

बहीजा

*

नहर-सिद्र
७ नोव्हेंबर १९८६

प्रिय मावशी,

हातिमच्या गाडीचं काहीतरी मोडलंय, दोन आठवडे तो फिरकला नाही. म्हणून हे पत्र सरळ पोस्टात टाकते आहे. तू आपली ताकसुद्धा फुंकून पिणारी! आपल्या पत्रात लपवण्यासारखं आहे तरी काय? वाचलंच कोणी, तर तोही चार शब्द शिकेल.

मला ही गंमत आत्ताच्या आत्ता सांगायची आहे.

या आठवड्याचा शब्द होता 'निष्कर्ष'. म्हटलं, आई पातेल्यातला सगळा भात चिवडून बघते का? नाही. एक शीत दाबते आणि म्हणते, शिजलं. तो निष्कर्ष. त्यांना इतकं पटलं की सगळे बोटांनी हवेतली शितं दाबायला लागले. मग घरचा अभ्यास दिला: घरातल्या एकाच गोष्टीचं तीन दिवस निरीक्षण करा, आणि मग निष्कर्ष काढा.

बहुतेकांनी मांजर, कोंबडी असलं काही लिहिलं. शुरूकची वही मी इथे जशीच्या तशी उतरवते:

'निरीक्षण एक. आई रोज गच्चीवर कबुतरांच्या खोलीत ट्रे नेते. निरीक्षण दोन. ट्रेमध्ये दोन रोट्या आणि एक पेला चहा असतो. निरीक्षण तीन. ट्रे रिकामा परत येतो. तुलना. कबुतरं रोटी खातात. कबुतरं चहा पीत नाहीत. निष्कर्ष. वर कोणीतरी आहे, आणि त्याला चहा आवडतो.'

मावशी! सात वर्षांची पोर! मी खुर्चीतच उडाले. अर्थात 'कोणीतरी' म्हणजे कोण ते मला लगेच कळलं. बिचारी तुर्किया. सासूची कटकट चुकवून दिवसातून एकदा निवांत चहा प्यायला वर जात असेल. मीही गेले असते. पण पोरीची बुद्धी बघ. तिला कोणी काही सांगितलं नाही. तिने बघितलं, मोजलं, आणि शोधलं.

मी तिला वर्गासमोर वाचायला लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पान दोरीला लावलं आहे, अगदी मधोमध. आता सांग, मी शिक्षिका झाले की नाही?

तुझी
विदाद

*

बगदाद
१८ नोव्हेंबर १९८६, मंगळवार पहाट

विदाद,

हे पत्र हातिमसमोर उभी राहूनच वाच, आणि वाचून त्याच्याच हाती परत दे.

तुझं पत्र काल आलं. दहा दिवसांनी. पाकिटाची एक कड दुसऱ्याच गोंदाने चिकटवलेली होती. सरकारी गोंद पिवळा पडतो, मी तो ओळखते. तुझं पत्र माझ्याआधी कोणीतरी वाचलं आहे.

आता शांतपणे विचार कर. मिजबान बेपत्ता आहे. त्याच्या गच्चीवर एक माणूस चहा पितो. पोरी, तुला खरंच सासूची कटकट सुचली? युद्धातून पळून आलेल्याला काय शिक्षा असते ते तुला ठाऊक आहे. लपवणारीला काय असते तेही.

आज दुपारीच तुर्कियाकडे जा. काहीतरी निमित्त काढून जा, धावत जाऊ नकोस.

उद्या सकाळी दोरीला नवा शब्द लाव: 'कल्पना'. सगळ्या वर्गाला एकच विषय दे, 'कबुतरांच्या खोलीत चहा कोण पितं?' एकतीसच्या एकतीस मुलांनी लिहिलं पाहिजे. उंट म्हणा, भूत म्हणा, काहीही. पानांवर जुनी तारीख घालायला लाव. शुरूकचं पान फाडू नकोस. फाटलेलं पान ओरडून बोलतं. तिच्या पानावर 'कल्पना' असं शीर्षक तिच्याच हाताने लिहून घे.

मी कालच पोस्टानेही एक पत्र टाकलं आहे. त्यात मी खूप हसले आहे आणि लिहिलं आहे की तुझ्या वर्गाची कल्पनाशक्ती दांडगी आहे. ते पत्र त्यांच्यासाठी आहे. हे तुझ्यासाठी.

बहीजा

*

नहर-सिद्र
१९ नोव्हेंबर १९८६, बुधवार

मावशी,

हातिम गाडी धुतोय तोवर लिहिते आहे.

काल दुपारी गेले. रोट्या विकत घ्यायच्या निमित्ताने. तुर्किया तंदुराशी वाकली होती, आजी बाजूला खजूर निवडत होती. शुरूक मला बघून नाचायलाच लागली. तिला मी शेजारच्या दुकानात काडेपेटी आणायला पिटाळलं.

मी म्हटलं, "तुर्किया, शुरूकने शाळेत एक निबंध लिहिला. कबुतरांवर." पुढचं तिने मला बोलूच दिलं नाही. हातातली रोटी तंदुरात पडली. ती काढायला तिने हातसुद्धा घातला नाही.

"कोणी वाचला?"

"वर्गाने. आणि... मी माझ्या मावशीला लिहून पाठवला. पोस्टाने."

आजी म्हणाली, "सांगत होते मी, पोरीला शाळेत घालू नका."

"गप्प बसा हो तुम्ही," तुर्किया म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज अगदी खाली. "सित्त, आम्ही तिला सांगितलं नव्हतं. बाप वर आहे हे तिला ठाऊक नाही. लेकराचं तोंड म्हणजे उघडं भांडं, म्हणून नाही सांगितलं. पाच महिने तो वरच्या भोकातून तिला शाळेत जाताना बघतो. एकदा ती पडली, गुडघा फुटला, हा वर तोंडात कापड कोंबून बसला. पाच महिने आम्ही सगळ्या जगापासून लपवलं. अन् माझ्याच पोरीने शोधून काढलं!" तिच्या आवाजात राग होता. पण मावशी, शपथेवर सांगते, थोडा अभिमानही होता. तो मला जास्त लागला.

मी निघताना ती म्हणाली, "शिकवलंत छान तुम्ही. आता विसरायलाही शिकवा."

मिजबान आज पहाटे पाणथळीच्या बाजूला निघून गेला. शुरूक झोपली होती. त्याने तिला उठवलं नाही, कारण उठवलं असतं तर तिला कळलं असतं.

आज सकाळी तू सांगितलंस तसं केलं. वर्गात धमाल उडाली. एकाच्या खोलीत उंट चहा पितो, एकाच्या खोलीत मुख्याध्यापिका सित्त नजीबा. फक्त शुरूकने पेन्सिल उचलली नाही.

"सित्त, माझं तर निरीक्षण होतं. मी तीन दिवस मोजलं."

"नाही बाळ. ती कल्पना होती."

"ट्रे रिकामा यायचा."

"कबुतरं रोटी खातात."

"आणि चहा?"

"सांडला असेल."

मग तिने पानावर 'कल्पना' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुंदर. मावशी, मी आयुष्यात पहिल्यांदा एका बरोबर उत्तराला चूक म्हटलं.

विदाद

*

बगदाद
२२ नोव्हेंबर १९८६

विदाद पोरी,

माझे गुडघे ठणठणीत आहेत. कधी दुखलेच नाहीत.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात मी रोज सकाळी मुलांना उभं करून 'काल घरी काय झालं, क्रमाने सांगा' असं विचारायचे. आधी काय, मग काय, शेवटी काय. क्रम हा शब्द मी असाच शिकवायचे, आणि फार छान शिकवायचे. एका मुलाने सांगितलं, आधी बाबा दार लावतात, मग खिडकी लावतात, मग रेडिओ हळू आवाजात लावतात आणि त्यात परदेशी माणूस बोलतो. त्या दिवशी वर्गात सरकारी पाहुणे बसले होते. मी त्या मुलाला म्हटलं, शाब्बास, अगदी क्रमाने सांगितलंस.

त्याच रात्री त्याच्या बापाला घरून नेलं, तो परत आला नाही. पोराने मला कधी काही विचारलं नाही, तो फक्त बोलायचा थांबला. मी वर्षाअखेर राजीनामा दिला. कारण काहीतरी लिहायला हवं होतं, म्हणून गुडघे लिहिले.

हे तुला आधी सांगितलं असतं तर तू पोस्टात पत्र टाकलं नसतंस. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. तुझ्या चुकीत माझा अर्धा वाटा आहे, तो माझ्याकडेच राहू दे.

ते येतील. आले की चहा विचार. भीती दिसली तर चालेल, सगळेच भितात. घाई दिसता कामा नये.

बहीजा

*

नहर-सिद्र
२६ नोव्हेंबर १९८६

मावशी,

ते रविवारी आले. तुझं पत्र शनिवारी मिळालं होतं, म्हणून माझे पाय जागेवर राहिले.

दोघे होते. त्यातला करड्या सफारीतला मुलांच्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीला टेकलेले. त्याने खिशातून एक कागद काढला. माझंच पत्र, टाइप केलेलं. मग सगळ्या वह्या मागितल्या आणि एकेक वाचली, मोठ्याने. उंटाला हसला. सित्त नजीबा कबुतरांबरोबर चहा पितात याला तर फारच हसला. सित्त नजीबाही हसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या.

मग त्याने शुरूकला बोलावलं.

"काय गं, चहाचं तू बघितलंस?"

"ती कल्पना होती, काका."

"कल्पना म्हणजे?"

"जे बघितलं नाही ते."

"आणि निरीक्षण म्हणजे?"

"जे बघितलं ते."

"मग चहा बघितलास की नाही?"

तिने दोरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मावशी, त्या एका क्षणात माझ्या हातात काहीच नव्हतं. सगळं त्या सुटलेल्या वेणीच्या पोरीच्या हातात होतं, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

"नाही बघितला," ती म्हणाली. "सित्त म्हणाल्या, ती कल्पना होती."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाला, "हुशार आहे. आम्ही आत्ता त्यांच्या गच्चीवरूनच येतोय. कबुतरांची खोली धुतलेली आहे. फिनाईलने. मी इतकी वर्षं घरं बघतोय, धुतलेली कबुतरांची खोली कुठे बघितली नाही. हे निरीक्षण आहे की कल्पना, सित्त?"

मी चहा विचारला. तो प्यायला, तीन चमचे साखर घालून.

जाताना दारात म्हणाला, "तूर्त आम्ही निष्कर्ष काढत नाही. तुमची पद्धत मात्र उत्तम आहे. बंद करू नका. दर शनिवारी वह्या आल्या की आधी आमच्या कचेरीत पाठवायच्या. आम्हालाही वाचायला आवडतं. आणि मावशींना लिहीत जा. पोस्टाने."

दोरी काढून टाकायलाही आता परवानगी नाही.

विदाद

*

बगदाद
१ डिसेंबर १९८६
(पोस्टाने)

प्रिय विदाद,

इथे थंडी पडली आहे. शेजारच्या लिंबाला यंदा भरपूर लिंबं आली. तुझ्या मुलांच्या गमती वाचून फार हसले. स्वेटर घालत जा.

बहीजामावशी

*

नहर-सिद्र
७ डिसेंबर १९८६
(हातिमच्या हाती)

मावशी,

मिजबानची खबर नाही. तुर्कियाच्या गल्लीच्या तोंडावर एक माणूस सिगारेटी विकायला बसतो. आजवर कोणी त्याच्याकडून सिगारेट घेतलेली बघितली नाही. तुर्किया रोज त्याच्यासमोरून जाते, ओझं घेऊन, मान खाली घालून. माझ्याशी बोलत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

वर्ग चालू आहे. मी अजून शब्द शिकवते, मुलांना अजून आवडतात. फक्त आता गुरुवारी घंटेच्या आधी सांगते, झाडाबद्दल लिहा, मांजराबद्दल लिहा. माणसांबद्दल नको. एकाने विचारलं, "का, सित्त?" मी त्याला गप्प बसवलं. तू मला कधी गप्प बसवलं नव्हतंस.

काल वह्या आल्या. कचेरीत न्यायला शिपाई दारात उभा होता, म्हणून मी घाईने चाळत होते. शुरूकने मांजर घेतलं नव्हतं. तिला पुन्हा तपासायचं होतं. चांगला विद्यार्थी तेच करतो, आणि हेही मीच शिकवलं होतं. तिने लिहिलं होतं:

'निरीक्षण एक. आई आता गच्चीवर ट्रे नेत नाही. निरीक्षण दोन. मी स्वतः वर जाऊन बघितलं. फक्त कबुतरं होती. निरीक्षण तीन. मी एक पेला चहा वर ठेवला. तीन दिवस तो तसाच होता. निष्कर्ष. वर कधीच कोणी नव्हतं. मी चुकले होते.'

शिपाई म्हणाला, "आटपा, सित्त."

मी लाल शाईने खाली 'शाब्बास' लिहिलं. ठळक लिहिलं, कचेरीत नीट वाचता यावं म्हणून. शुरूक टेबलाशीच उभी होती, टाचा उंचावून बघत होती.

तिने विचारलं, "सित्त, चुकलं तरी शाब्बास?"

मी हो म्हटलं.

विदाद